दिव्यशक्तीच्या परीक्षेची पूर्वतयारी



२०२३ सालच्या जानेवारी महिन्यांत आपल्या नागपुरांत रात्रीच्या जेवणाच्या वेळीं घरोघर एकच वाद चालला होता. मध्य प्रदेशांतील बागेश्वर धामचे धीरेंद्र कृष्ण शास्त्री यांची रामकथा ता. ५ पासून रेशीमबागेंत सुरू झाली होती. कथेबरोबर त्यांचा ‘दिव्य दरबार’ही भरे, समोर आलेल्या माणसानें तोंड उघडण्यापूर्वींच त्याची अडचण महाराजांनीं कागदावर लिहिलेली असते, असें भक्तमंडळी सांगत. नागपुर येथेंच १९८२ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे श्याम मानव यांनीं त्यांस जाहीर आव्हान दिलें. आम्ही आणलेल्या दहा माणसांचीं नांवें, वयें, वडिलांचीं नांवें व फोनचे क्रमांक ओळखावे. शेजारच्या खोलींत ठेवलेल्या दहा वस्तू ओळखाव्या. शेंकडा ९० उत्तरें बरोबर आलीं तर ३० लाख रुपये द्यावयास आम्ही बांधलेले आहों, असा त्या आव्हानाचा आशय होता.

कथा १३ तारखेपर्यंत चालावयाची होती, ती ११ लाच आटोपली. एका पक्षानें म्हटलें, महाराज आव्हान टाळून गेले. दुसऱ्या पक्षानें म्हटलें, दिवस कमी करण्याचें कारण निराळेंच होतें. पुढें महाराजांनीं रायपुरास दरबार भरविला आणि ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं तेथें यावें असें सांगितलें. समितीचा आग्रह नागपुरांतील परीक्षेचा. पोलिसांकडे तक्रार गेली होती. महिना संपण्याच्या आंत पोलिसांनीं, गुन्हा ठरेल असें कांहीं आढळत नाहीं, असें कळविलें. येणेंप्रमाणें प्रकरण थंडावलें आणि मूळ प्रश्न होता तेथेंच राहिला.

आमच्या घरींही दोन तट पडले होते. मातोश्रींचें म्हणणें, देवाच्या माणसाची परीक्षा घेणारे हे कोण? धाकट्या चिरंजीवांचें म्हणणें, खरें असेल तर भ्यावयाचें कशाला? दोन्ही प्रश्न आपापल्या परीनें रास्त होते. परंतु ऐकतां ऐकतां माझ्या ध्यानांत आलें कीं, एवढ्या गलबल्यांत एक गोष्ट घडलीच नव्हती. ज्याच्या ठिकाणीं शक्ति आहे असें म्हणतात तो, आणि ज्याला ती तपासावयाची आहे तो, असे दोघे एका टेबलाशीं बसून परीक्षा कशी घ्यावयाची हें लिहून काढीत आहेत, असा प्रसंग त्या महिन्यांत आला नाहीं. आव्हान एका व्यासपीठावरून झालें, उत्तर दुसऱ्या व्यासपीठावरून आलें. वास्तविक शास्त्रीय परीक्षेचें बहुतेक काम त्या टेबलाशींच होतें; परीक्षेच्या दिवशीं उरतें तें केवळ मोजदादीचें. या आधींच्या कामाविषयीं आज मला बोलावयाचें आहे. तें मी थोडें पुस्तकांतून शिकलों आणि बरेंचसें माझ्या मामांच्या पायीं.

मामांची काटोलकडे संत्र्यांची बाग आहे, आणि त्या पट्ट्यांत पाणाड्या म्हणून त्यांचें नांव आहे. कडुलिंबाची दुबेळक्याची काठी दोन्ही मुठींत धरून ते शेतांतून चालतात. काठीचें टोंक जेथें झुकेल तेथें बोअर घ्यावी, असें सांगतात. पैसे घेत नाहींत. एक नारळ व सव्वा रुपया, तोही देवापुढें ठेवतात. रेशीमबागेचा वाद वर्तमानपत्रांत वाचून ते एके सकाळीं आमच्याकडे आले व पिशवी खालीं ठेवतांच म्हणाले, “तुम्ही शहरातले लोक सगळ्यायले खोटे म्हणता. मले पाह्य ना तपासून. मले काहून भेव?”

मीं म्हटलें, “मामा, तुमच्यावर अविश्वास कोणीं दाखविला?”

“तोंडानं नाही दाखवला. पण तुह्या डोयात दिसते.”

त्यांचें खरें होतें. आणि विषय थट्टेवारी नेण्यासारखाही नव्हता. त्यांच्या शेजाऱ्याची बाग त्या वर्षीं पाण्यावांचून सुकत होती. मामांनीं त्याला एक जागा दाखविली होती आणि बोअर पाडणाऱ्यास त्यानें विसार देऊन ठेवला होता. एक बोअर कोरडी गेली कीं शेतकऱ्याचें वर्ष बुडतें. ती कर्ज काढून पाडलेली असली तर पुढचींही बुडतात.

मीं पहिला प्रश्न विचारला : तुम्हांला नक्की काय येतें? मामा म्हणाले, “मले पाणी समजते.” एवढ्यावर परीक्षा मांडतां येत नाहीं. किती खोलवरचें समजतें? वाहतें कीं सांचलेलें? मध्यें दगड असला तर? दहा वेळां सांगितलें तर किती वेळां चुकतें? या चार प्रश्नांवर आमच्या दोन संध्याकाळी गेल्या. मामा प्रथम आपण दाखविलेल्या विहिरी मोजूं लागले. साठ तरी असतील, आणि बहुतेकींस पाणी! परंतु काटोलच्या बाजूस जमिनीखालीं दख्खनच्या लाव्हाचा काळा कातळ आहे. त्या कातळांत पाणी नळासारख्या धारेनें वाहत नसून झिजलेल्या, भेगाळलेल्या, सच्छिद्र थरांत मुरून पसरलेलें असतें. म्हणून पुष्कळ ठिकाणीं खणलें तरी थोडेंफार पाणी लागतेंच. मामांनीं दाखविलेल्या जागीं पाणी लागलें, हें खरें. पण त्याच शेतांत पन्नास पावलांवर काय लागलें असतें? तेथें कोणीं खणलेंच नाहीं. तेव्हां साठ विहिरी हा पुरावा मामांच्या बाजूचाही नाहीं व विरुद्धही नाहीं.

मीं त्यांना जर्मनींतील एक हकीकत सांगितली. १९९० सालीं कासेल या गांवीं अशाच सुमारें तीस पाणाड्यांची तीन दिवस परीक्षा झाली. एका सपाट मैदानाखालीं अर्धा मीटर खोल प्लॅस्टिकचे नळ पुरले होते, नळ कोठें आहे हें वर रंगीत पट्टीनें दाखविलें होतें, आणि त्यांतून या क्षणीं पाणी वाहत आहे कीं नाहीं एवढेंच ओळखावयाचें होतें. ही परीक्षा न्याय्य आहे व आपण पूर्ण यशस्वी होऊं, असें सर्वांनीं आधीं लिहून दिलें होतें. निकाल नुसत्या अंदाजानें आला असता तसाच आला.

मामा लगेच म्हणाले, नळाचें पाणी वेगळें आणि भूमीचें वेगळें. मला ही प्रथम पळवाट वाटली आणि मीं थोडा आवाजही चढविला. मागाहून विचार करतां माझीच चूक कळली. परीक्षेपूर्वीं घेतलेला असा आक्षेप म्हणजे उपयुक्त माहिती असते. तोच परीक्षेनंतर घेतला तर त्याला पळवाट म्हणावें. म्हणून मीं वही काढली आणि मामांचे सर्व आक्षेप उतरून घेतले. पाणी त्यांच्याच विहिरीचें, त्याच सकाळीं काढलेलें असावें. अमावास्या नसावी. काठी त्यांची त्यांनीं तोडलेली असावी. घाई नसावी. यांतील एकही अट परीक्षेस बाधक नव्हती. सर्व मान्य केल्या. शेवटीं ठरलें तें असें : सारखे दहा झांकणबंद कॅन, एकांत विहिरीचें पाणी, नऊांत कोरडी वाळू, प्रत्येकावर टोपलें व बारदान पालथें घातलेलें, खळ्यावर पांच पांच पावलांच्या अंतरानें मांडलेले. अशा दहा फेऱ्या.

यापुढची पायरी मला फार महत्त्वाची वाटते, व हौशी परीक्षक ती बहुधा गाळतात. खरी परीक्षा घेण्यापूर्वीं एक उघडी फेरी घ्यावी. पाणी कोणत्या कॅनमध्यें आहे हें मामांस दाखवून त्यांना काठी घेऊन चालावयास सांगावें. काठी झुकली तर जागा, वेळ, पाणी, काठी, सर्व कांहीं त्यांच्या शक्तीला मानवतें हें त्यांच्याच तोंडून सिद्ध झालें. न झुकली तर परीक्षाच पुढें ढकलावी व अडचण शोधावी. उघड्या फेरींत झुकणारी काठी झांकलेल्या फेरींत झुकली नाहीं, तर दोन्हींमध्यें फरक एकच उरतो, आणि तो म्हणजे डोळ्यांनीं मिळालेली माहिती.

ही माहिती किती बारीक वाटांनीं पोहोंचते, याचें उत्तम उदाहरण एका घोड्याचें आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं बर्लिन येथें फॉन ओस्टन या निवृत्त गणितशिक्षकाचा हान्स नांवाचा घोडा बेरजा-वजाबाक्या करी व पायाच्या टापांनीं उत्तर देई. १९०४ सालीं विद्वानांच्या एका मंडळानें तपासलें. लबाडी सांपडली नाहीं. ती नव्हतीच. पुढें ऑस्कर प्फुंग्स्ट यानें चिकाटीनें पाहिलें तेव्हां असें आढळलें कीं, विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलें किंवा तो घोड्याच्या दृष्टीआड असला तर हान्सचें गणित कोसळे. टापांची संख्या बरोबर होतांच विचारणाऱ्याचें डोकें किंचित् हालत असे, त्याच्या नकळत, आणि घोडा थांबत असे. हें रहस्य कळल्यावरही प्फुंग्स्टला स्वतःचें डोकें स्थिर ठेवणें साधेना. घोड्याला जें दिसतें तें मनुष्याला दिसणार नाहीं काय? म्हणून ज्याला उत्तर ठाऊक आहे अशा कोणीही मनुष्यानें परीक्षेच्या वेळीं आसपास असूंच नये.

आम्हीं व्यवस्था केली ती अशी. दोन गट करावयाचे. एका गटानें मामांना घेऊन घरांत बसावें, दारें लावून. दुसऱ्यानें खळ्यावर कॅन मांडावे. पाण्याचा कॅन कोणत्या जागीं ठेवावा हें कोणीं मनानें ठरवावयाचें नाहीं, कारण माणूस मनानें ठरवूं लागला कीं टोंकाच्या जागा टाळतो आणि मधल्या निवडतो. त्यासाठीं बदामाचीं एक्क्यापासून दश्शीपर्यंतचीं दहा पानें पिसून एक काढावयाचें, आंकडा वहींत लिहून वही पेटींत बंद करावयाची, आणि मांडणाऱ्यांनीं घराच्या मागच्या बाजूनें दूर निघून जावयाचें. मग पहिल्या गटानें मामांसह यावें. मामांबरोबर जो चालेल त्यालाही मामांइतकेंच अज्ञान. कंटाळवाणी गोष्ट आहे खरी, पण ती गाळून चालत नाहीं.

आतां आंकड्याची गोष्ट. दहांतून एक निवडावयाचें, अशा दहा फेऱ्या; तर डोळे मिटून बोट ठेवणाऱ्याचेंही सरासरी एक उत्तर बरोबर येईल. तीन किंवा अधिक बरोबर येणें हें शंभरांत सात वेळां नुसत्या योगायोगानें घडतें. पांच किंवा अधिक येणें सहाशांत सुमारें एकदांच. मामांचें म्हणणें, आपलीं आठ तरी येतील. मीं पांच हा आंकडा सुचविला. त्यांना तो अपमानास्पद वाटला. पण सवलत आहे असें पटवून तो लिहिला.

हा आंकडा आधीं कां लिहावयाचा तें ऐका. २००४ सालीं रशियांतील नताशा देम्किना या तरुण मुलीची न्यूयॉर्क येथें परीक्षा झाली. माणसाच्या शरीरांतील इंद्रियें व रोग आपणांस नुसत्या दृष्टीनें दिसतात, असें ती म्हणे. तिच्यापुढें सात माणसें बसविलीं व सात वर्णनें दिलीं. कोणतें वर्णन कोणाचें तें जुळवावयाचें. पांच जुळलीं तर पुढें अधिक तपास करावयाचा, असें दोन्ही पक्षांनीं ठरविलें होतें. तिचीं चार जुळलीं. परीक्षक म्हणाले, नापास. तिचे कैवारी म्हणाले, सातांपैकीं चार म्हणजे थोडें नव्हे. ब्रायन जोसेफसन या नोबेल पारितोषिक मिळविलेल्या शास्त्रज्ञानेंही परीक्षकांवर टीका केली. गणित मांडून पाहिलें तर चार किंवा अधिक जुळणें पंचावन्नांत एकदां योगायोगानें घडतें, पांच किंवा अधिक सव्वादोनशांहून अधिक वेळांत एकदां. टीकेंत तथ्य एवढेंच कीं, सात माणसें हीं थोडीं होतीं. फेऱ्या अधिक ठेवल्या असत्या तर संशयाला जागा उरली नसती. परंतु पांचाचा आंकडा आधींच सहीनिशीं ठरला होता. तो नसता तर त्या रात्रीं प्रत्येकानें आपापल्या सोयीची रेघ ओढली असती.

महाराष्ट्रांत असें काम नीटपणें झालेलें आहे, आणि तें पुण्यास. २००८ सालीं ज्योतिर्विद डॉ. जयंत नारळीकर, पुणें विद्यापीठांतील संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनीं फलज्योतिषाची एक चांचणी घेतली. प्रश्न अगदीं मर्यादित ठेवला होता, आणि तेंच त्यांचें शहाणपण. पत्रिकेवरून आयुष्य कळतें का, असा अफाट प्रश्न त्यांनीं विचारला नाहीं. पत्रिकेवरून मूल बुद्धिमान् आहे कीं मतिमंद, एवढें सांगतां येतें काय? दाभोलकरांच्या कार्यकर्त्यांनीं शाळांतून जन्मवेळा मिळविल्या. शंभर हुशार मुलें व शंभर मतिमंद मुलें, अशा दोनशे पत्रिका तयार केल्या. कोणती पत्रिका कोणाची याची किल्ली विद्यापीठांतील संख्याशास्त्रज्ञांकडे बंद राहिली. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषास चाळीस पत्रिका टपालानें गेल्या. नाणें उडवून उत्तरें लिहिलीं तरी चाळिसांपैकीं वीस बरोबर येणारच. म्हणून यशाची रेघ अठ्ठाविसांवर ओढली. केवळ अंदाजानें तेथवर पोहोंचणें शंभरांत एकदांही घडत नाहीं.

एकावन्न ज्योतिषांनीं नांवें नोंदविलीं, सत्तावीस जणांनीं उत्तरें पाठविलीं. सर्वांत अधिक गुण मिळाले ते चोवीस. सरासरी विसांच्याही खालीं राहिली. एका ज्योतिषसंस्थेनें दोनशेंच्या दोनशे पत्रिका तपासण्याचें अंगावर घेतलें होतें. तिचीं १०२ उत्तरें बरोबर आलीं. हा वृत्तांत २००९ सालीं ‘करंट सायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. ज्यांनीं उत्तरें धाडलीं त्या सत्तावीस जणांविषयीं मला आदर वाटतो. न धाडणाऱ्यांपेक्षां ते खचित प्रामाणिक. आपला दावा त्यांनीं तोलावर ठेवूं दिला.

आतां या उजेडांत रेशीमबागेकडे पुन्हां पाहूं. समितीच्या अटींतील फोनचा क्रमांक ही अट उत्तम होती, कारण दहा आंकडी क्रमांक अंदाजानें सांगतां येणें जवळजवळ अशक्य. नांवाचें तसें नाहीं. पोषाख, बोली, वय, बरोबर आलेल्या नातलगांचे उद्गार यांवरून चतुर माणूस बरेंच हेरतो. जगांतील कोणत्याही भविष्यवाद्याचें हें पहिलें भांडवल आहे. म्हणून माणसें कोणीं निवडावयाचीं व तीं कोठें बसावयाचीं, हाच कळीचा मुद्दा. ज्या मंडपांत व्यवस्था, स्वयंसेवक, नोंदणी व गर्दी हीं सर्व एकाच पक्षाचीं आहेत तेथें माहितीच्या वाटा बंद करतां येत नाहींत. मग तो मंडप रायपुराचा असो कीं नागपुराचा, आणि त्या पक्षाच्या मनांत कपट असो वा नसो. त्याचप्रमाणें, जो पक्ष वर्तमानपत्रांतून दुसऱ्याला भोंदू म्हणून मोकळा झाला, त्याच्याच कचेरींत येऊन परीक्षा द्यावी ही अपेक्षाही फारशी व्यवहार्य नव्हे. तिऱ्हाइताची जागा हवी होती. आपल्या शहरांत कॉलेजांच्या प्रयोगशाळा काय थोड्या आहेत?

परीक्षक नुसता शास्त्रज्ञ असूनही भागत नाहीं. निसर्ग फसवीत नाहीं, त्यामुळें त्याच्याशीं आयुष्य घालविलेला मनुष्य फसवणुकीस नवखा असतो. १९७९ सालीं अमेरिकेंत सेंट लुई येथील विद्यापीठांत मनःशक्तीच्या संशोधनासाठीं प्रयोगशाळा निघाली, तेव्हां जेम्स रँडी या जादुगारानें आपले दोन तरुण साथीदार तेथें शक्तिधारी म्हणून पाठविले. प्रयोगशाळा कशी राखावी याच्या सूचनाही त्यानें संशोधकांस पत्रानें कळविल्या होत्या. तरी त्या दोघांनीं चमचे वांकवून संशोधकांची पुष्कळ काळ खात्री पटविली होती. १९८३ सालीं रँडीनें स्वतःच हें उघड केलें. याच रँडीनें पुढें दहा लाख डॉलरांचें बक्षीस ठेवलें. अटी दोघांच्या संमतीनें आधीं ठरावयाच्या, असा त्याचा नियम होता. २०१५ सालीं तें बंद होईपर्यंत प्राथमिक फेरीपलीकडे कोणी गेलें नाहीं. मामांच्या काठींत हातचलाखीला अवसर नव्हता, म्हणून आम्हांस जादुगार लागला नाहीं. माणसाच्या हातांत वस्तु देऊन परीक्षा घ्यावयाची असेल तर तो अवश्य लागतो.

परीक्षा कशाची घेऊं नये हेंही सांगितलें पाहिजे. सापाचें विष, विस्तव, उपास, यांच्याशीं खेळणारी परीक्षा कोणींही मांडूं नये, दावा करणाऱ्यानें कितीही आग्रह धरला तरी. रोग बरा करण्याचा दावा घरगुती परीक्षेचा विषय नव्हे. रोग्याचें औषध थांबवून तर मुळींच नव्हे. २०१३ सालीं डॉ. दाभोलकरांचा पुण्यास खून झाल्यावर वटहुकूम निघाला, व डिसेंबरांत नागपुरच्या अधिवेशनांत जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणें त्या कायद्यानें गुन्हा ठरतें.

आमच्या कागदावर शेवटीं दोन वाक्यें माझ्या नांवें होतीं. पांच किंवा अधिक उत्तरें बरोबर आलीं तर मीं तें चारचौघांत कबूल करावें व एखाद्या महाविद्यालयांत पुढील परीक्षेची व्यवस्था करावी. आणि कमी आलीं तर मामांना कोणीं खोटारडा म्हणूं नये. दुसरें वाक्य मायकेल फॅरडेवरून सुचलें. १८५३ सालीं इंग्लंडांत भुतें टेबल फिरवितात असें वेड पसरलें होतें. फॅरडेनें आपल्या ओळखीचीं प्रामाणिक माणसें टेबलाशीं बसविलीं आणि हातांखालीं सरकणाऱ्या पातळ थरांची एक साधी रचना ठेवली. टेबलाच्या आधीं हात सरकतात, हें तींत उमटलें. हात लोटतो आहे हें दाखविणारा कांटा समोर दिसूं लागतांच टेबल फिरेनासें झालें. बसणारीं माणसें लबाड नव्हतीं. आपला हात ढकलतो आहे हें त्यांना ठाऊकच नव्हतें. दुबेळक्याची काठी तर मुठींत ताणून धरलेली असते. मनगट तांदळाभर वळलें कीं ती सपकन् झुकते.

परीक्षा झाली ती फाल्गुनांत, सकाळीं. उघड्या फेरींत काठी दहापैकीं दहा वेळां पाण्यावर झुकली; जमलेलीं पोरें टाळ्या पिटूं लागलीं. मग दहा झांकलेल्या फेऱ्या झाल्या. त्यांना तीन तास लागले. मामांनीं प्रत्येक वेळीं निःशंकपणें टोपलें दाखविलें. पेटी उघडून दोन्ही वह्या ताडून पाहिल्या, तों बरोबर आलेलीं उत्तरें दोन.

मामांनीं वही स्वतःच्या हातांत घेऊन सर्व आंकडे पुन्हां वाचले. मग ते बांधावरून शेजाऱ्याकडे गेले. काय बोलले तें मला ऐकूं आलें नाहीं. पण शेजाऱ्यानें बोअर पाडणाऱ्यास फोन करून काम पुढें ढकललें आणि भूजल खात्याच्या कचेरींत चौकशी करावयाचें ठरविलें, एवढें संध्याकाळीं कळलें.

निघतांना मामा म्हणाले, “कॅनातलं पाणी मेलेलं असते रे. खोल पाण्याची पाह्य एखाद्या वक्ती.” मीं म्हटलें, अवश्य, पण त्याचा कागद नवा करावा लागेल. त्यांनीं तेथेंच एक कोरा कागद मागून घेतला, वर तारीख घातली, आपल्या अटी लिहिल्या. मग किती बरोबर आलीं म्हणजे खरें समजावयाचें, या ओळीशीं येऊन ते थांबले व कागद घडी करून खिशांत घातला. ती ओळ अजून रिकामी आहे.